सायनोटाइप धुतला की निळा रंग जातोय? केमिकलला नावं ठेवायच्या आधी पाणी बघा

सायनोटाइप म्हणजे केमिकल लावलेल्या कागदावर उन्हानं उमटवलेलं निळं चित्र. उन्हात ठेवला तेव्हा कागद मस्त करडा-निळा झालेला असतो, पानाची शीर न् शीर उठलेली असते, आणि ट्रेमधल्या पाण्यात टाकला की पाच-दहा मिनिटांत निम्मा रंग गायब, खाली उरतं ते फिकट, पिवळट काहीतरी. कोल्हापुरात हा प्रॉब्लेम एवढ्या जणांना येतोय आणि परत परत येतोय की एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. शिबिरात पोरांना शिकवणारे सर-मॅडम असोत, आर्ट कॉलेजची पोरं असोत नाहीतर गच्चीवर एकटेच उद्योग करणारे असोत, सगळ्यांचा पहिला डायलॉग ठरलेला, 'केमिकल डुप्लिकेट लागलंय.' डुप्लिकेट बिप्लिकेट काही नसतं हो, शंभरातल्या बहुतेक वेळा केमिकल बरोबरच असतं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं घ्या, तपकिरी नको) 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिली पाण्यात, दोन वेगळ्या काळ्या-तपकिरी बाटल्या. लागेल तेवढंच समप्रमाणात मिसळायचं, दिवसाचा उजेड न येणाऱ्या खोलीत कागदावर ब्रशनं लावायचं, वाळवायचं, वर पान, पीस, जे काय असेल ते ठेवायचं, वर काच, आणि उन्हात. ऊन लागलं तिथलं लोह बदलतं, फेरिसायनाइडला धरतं आणि प्रशियन ब्लू हा निळा रंग तयार होतो, झाकलेल्या जागेचं केमिकल पाण्यात विरघळून जातं आणि तिथं कागद पांढरा राहतो. कॅमेरा नाही, लेन्स नाही, डार्करूम नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतःच्या हातानं बनवला त्या गावात आपण कॅमेरा सोडून फोटो काढतोय ही एक गंमतच.

ही पद्धत इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी, 1843 पासून, वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स बाईंनी समुद्री शेवाळं थेट कागदावर ठेवून असे प्रिंट काढून त्यांची पुस्तकं बांधायला सुरुवात केली. ते प्रिंट अजून निळे आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'सायनोटाइपचा रंग कच्चाच असतो' असं जे सर्रास ठोकून दिलं जातं ते खरं नाही. रंग पक्का आहे, त्याला फक्त एका गोष्टीचं वावडं आहे, ते म्हणजे अल्कली. सोडा, चुना, डिटर्जंट, जड पाणी. आणि आपल्याकडं यातलं सगळंच मुबलक.

तर आता रंग जातोय म्हणजे नक्की कसा जातोय ते आधी बघा. ट्रे पांढरा घ्या, प्लॅस्टिकचा, तळाला काय चाललंय ते दिसलं पाहिजे. कागद टाकल्या टाकल्या पिवळं-हिरवं पाणी सुटणार, ते सुटायलाच पाहिजे, ते ऊन न लागलेलं केमिकल आहे. त्याच्यानंतर जे होतं त्यावरून सगळं कळतं. पाण्यात निळे ढग उठतायत आणि चित्र सगळीकडून सारखंच फिकं होतंय पण पांढरा भाग स्वच्छ आहे, तर ऊन कमी पडलंय. निळा रंग पावडरसारखा, कणाकणानं निघतोय आणि मागं ठिपके-चट्टे राहतायत, तर केमिकल कागदात मुरलंच नाही, वरच्या वर बसलंय. आणि पाण्यात फारसा निळा दिसत नाही तरी चित्र हळूहळू पिवळट, मातकट होत चाललंय, जितका वेळ ठेवाल तितकं जास्त, तर डोळे झाकून सांगतो, पाणी नाहीतर कागद अल्कलाइन आहे. हे तीन वेगळे रोग आहेत आणि लोक तिन्हीला एकच औषध देतात, ते म्हणजे केमिकल अजून घट्ट करायचं, ज्यानं दुसरा रोग उलट वाढतो.

ऊन कमी पडण्याचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. कागद निळा झाला की लोक उचलतात. निळा झाला म्हणजे झाला असं नाही. आधी पिवळा-हिरवा, मग निळसर हिरवा, मग गडद निळा, आणि त्याच्याही पुढं जाऊन उघडा भाग परत फिका पडून राखाडी, जरा धातूसारखा, ब्राँझ झाक मारायला लागतो, तिथपर्यंत थांबायचं. 'अरे, जळला' असं वाटतं तेव्हा तो तयार असतो. पान, पीस, चावी असल्या वस्तूंचा प्रिंट असेल तर जरा जास्त ऊन खाल्लं तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडं मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा सहा ते दहा मिनिटं, डिसेंबरात बारा-पंधरा, ढगाळ असेल तर अर्धा तास नाहीतर त्याहून जास्त, हे फक्त सुरुवातीला धरायचे आकडे. नक्की किती ते तुमच्या कागदावर काढा, एक पट्टी घ्या, पुठ्ठ्यानं झाका आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा थोडा थोडा सरकवा, धुऊन वाळवा आणि मग ठरवा. साधी फोटोफ्रेमची पातळ काच चालते. ॲक्रिलिकचे काही प्रकार, गाडीच्या पुढच्या काचेसारखी लॅमिनेटेड काच, यूव्ही अडवणारी फ्रेमिंगची काच ही सगळी नेमकी आपल्याला लागणारी किरणंच खातात, त्यामुळं ऊन रणरणतंय आणि प्रिंट फिकाच असं झालं तर काच बदलून बघा.

आता मुख्य मुद्दा, पाणी. कोल्हापुरात कुणी नळाच्या पाण्यावर आणि कुणी बोअरवर, आणि नळाला पाणी आलं नाही की सगळेच बोअरवर नाहीतर टँकरवर. आपला खडक बेसॉल्ट, त्यातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कलीकडं झुकलेलं असतं, गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर पांढरा थर बसतो तो त्याचाच. प्रशियन ब्लूला पीएच (पाणी आंबट की अल्कली ते सांगणारा आकडा) 8 च्या पुढं गेला की त्रास सुरू होतो, तो फुटतो, लोहाचा पिवळट गंजासारखा भाग कागदावर राहतो आणि फेरोसायनाइड हा त्याचा दुसरा भाग पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून मातकट दिसतं. आणि म्हणूनच उचगावात बोअरच्या पाण्यात बिघडलेला प्रिंट तोच माणूस, तेच केमिकल, तोच कागद घेऊन शिवाजी पेठेत मित्राच्या घरी नळाच्या पाण्यात करतो तेव्हा झकास येतो, मग म्हणतो त्या दिवशी ऊन चांगलं होतं.

खात्री करायची असेल तर एवढं करा. एकच मोठा कागद एका दमात कोट करा, एकाच वेळी उन्हात ठेवा, वर काही ठेवू नका, सगळा निळा होऊ दे. मग कात्रीनं चार तुकडे. एक बोअरच्या पाण्यात, एक नळाच्या, एक घरच्या आरओच्या, आणि चौथा बोअरच्याच पाण्यात पण लिटरला पाव चमचा लिंबूसत्व टाकून. चारीत दहा-दहा मिनिटं ठेवा, वाळवा, शेजारी शेजारी लावा. बोअरचा पिवळट आणि लिंबूसत्ववाला गडद असेल तर विषय संपला, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. चारी सारखेच फिके असतील तर पाण्याचा दोष नाही, कागद नाहीतर ऊन बघा. काही जण हळदीनं टेस्ट करतात, पाण्यात हळद टाकायची आणि लाल होते का बघायचं. ते सोड्याच्या नाहीतर साबणाच्या पाण्याला ठीक आहे, बोअरचं पाणी तेवढं तीव्र नसतं, हळद पिवळीच राहते आणि माणूस निर्धास्त होतो. त्यापेक्षा फिशटँकच्या दुकानात पीएचचं किट मिळतं ते घ्या.

उपाय स्वस्त आहे. पहिलं पाणी कायम आंबट करायचं, लिंबूसत्व पाव चमचा नाहीतर पांढरं व्हिनेगर दोन-तीन चमचे लिटरला, त्यात पाचेक मिनिटं हलकं हलवत ठेवायचं. मग साध्या पाण्यात एक-दोन बदल, पांढऱ्यातला पिवळेपणा गेला की बाहेर. रात्रभर भिजवत ठेवायचं नाही, 'जास्त धुतलं की जास्त पक्कं' हे इथं चालत नाही. नळाची धार थेट चित्रावर सोडायची नाही. आणि बाटल्यांमधलं मूळ केमिकल बनवताना बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, कुठल्याही गॅरेजला मिळतं.

पावसाळ्यात तर याहून भारी सोय आहे. ऊन मिळत नाही म्हणून रडतो आपण, पण पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आंबटच असतं, धुण्याला त्याच्यासारखं पाणी नाही. फक्त ते उघड्या आभाळाखाली बादली ठेवून धरा, गच्चीच्या पाइपमधून नको, सिमेंटच्या स्लॅबवरून आलं की त्याचा गुण गेला.

लिंबूसत्व नाहीतर व्हिनेगर एवढंच ॲसिड, हे लक्षात ठेवा. संडास-बाथरूमचं ॲसिड किंवा गॅरेजमधलं बॅटरीचं ॲसिड 'जरा स्ट्राँग' म्हणून अजिबात टाकायचं नाही, फेरिसायनाइडवर तीव्र ॲसिड पडलं, त्यात गरम झालं, तर विषारी वायू सुटू शकतो. डिस्टिल्ड पाणी आणायला गेलात तर बाटलीवरचं नाव वाचून आणा. ग्लोव्हज घाला, आणि जे चमचे-वाट्या वापरल्या त्या परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे घरच्यांना आधीच सांगून टाका.

पिवळट पडलेला प्रिंट वाचतो का हे पण सारखं विचारतात. पाण्यातून काढल्या काढल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकला तर कधी कधी थोडा रंग परत येतो, कारण फेरोसायनाइड अजून कागदातच असतं. एकदा भरपूर धुऊन वाळला की मग काही होत नाही. आणि मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, लिटरभर पाण्यात एक झाकण टाकलं की प्रिंट एका क्षणात गडद होतो, टाळ्या पडतात. पण तो जादूनं नवीन रंग घालत नाही, हवेनं एक-दोन दिवसांत जेवढा गडद झाला असता तेवढाच लगेच करून दाखवतो. शिबिरात पोरांना दाखवायला एक नंबर, रंग वाहून जायच्या रोगावर उपयोग शून्य.

पाणी ठीक निघालं तर कागद. झेरॉक्सचा कागद सोडा बघू आधी. त्यात पांढरेपणासाठी खडूचीच भुकटी भरलेली असते, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तुम्ही अल्कलीवरच चित्र काढताय. लिंबूसत्वाचं घट्ट पाणी करून त्याचा थेंब कागदाच्या कोपऱ्यावर टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे उठले तर तो कागद यासाठी बाद. गंमत म्हणजे महागडे 'ॲसिड फ्री' म्हणून मिळणारे वॉटरकलर पेपर पण यात सापडतात, कारण टिकावा म्हणून त्यात मुद्दाम तसलंच काहीतरी घातलेलं असतं, किंमत बघून विश्वास ठेवू नका, थेंब टाकून बघा. महाद्वार रोडला, राजारामपुरीत स्टेशनरीच्या दुकानांत दोन-तीन जातीचे कार्ट्रिज पेपर मिळतात, प्रत्येकाची एकच शीट आणा, टेस्ट करा, मग गठ्ठा घ्या. कागद फार गुळगुळीत असेल तर केमिकल वर तरंगतं आणि तेच ते कणाकणानं निघायचं प्रकरण होतं. पातळ हात मारायचा, आडवा-उभा, आणि डबकं साचू द्यायचं नाही. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे.

ब्रशला लोखंडी पत्रा नको. गंजका पत्रा केमिकलला लागला की सगळ्या कागदावर निळे ठिपके. जुन्या जीआय पाइपमधून गंज येतो त्याचेही असेच ठिपके पडतात, आणि उद्यमनगरच्या आसपास वर्कशॉपला लागून घर असेल तर लोखंडाची धूळ कागदावर बसू शकते, कागद झाकून ठेवा म्हणजे झालं.

आता उलटी तक्रार, निळं जात नाही, पण पांढरं पांढरं राहत नाही, सगळ्यावर निळसर पडदा. ही जून ते सप्टेंबरची तक्रार. कोट केलेला कागद दमट हवेत दोन-तीन दिवस ठेवला की आपोआप बिघडायला लागतो. उन्हात नेण्याआधी कागदाचा रंग बघायचा, पिवळा-हिरवट असेल तर चालेल, राखाडी-निळसर झाक आली असेल तर टाकून द्या, धुऊन ती जात नाही. पावसात लावायचा, हेअर ड्रायरच्या गार हवेनं वाळवायचा आणि त्याच दिवशी वापरायचा, साठा करायचा नाही. खोलीत पिवळा बल्ब चालतो, साधा एलईडीही बहुतेक चालतो, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड मात्र चालत नाही, पडदा लावलाय म्हणून निवांत बसू नका. सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरली असेल तर गाळून घ्या, काळे-पांढरे तंतू दिसतात, थोडी असेल तर गाळून काम होतं, फार असेल तर नवीन बनवा.

ओल्या पानांचंही असंच. पन्हाळ्याला, गगनबावड्याला पावसात नेचे बघून हात शिवशिवतात, आणि आणल्या आणल्या लोक काचेखाली दाबतात. ताज्या पानाचा रस सुटतो, काचेला आतून वाफ धरते, कागद ओला होतो आणि त्या जागी चट्टे. रद्दीत दाबून एक-दोन दिवस सुकवा. फार जाड पान नकोच, पिंपळाचं जाळी झालेलं पान सगळ्यात देखणं येतं, शिरांमधून उजेड वेगवेगळा जातो.

साजाचं मात्र सांगतो, कारण ते प्रत्येकालाच करायचं असतं. कोल्हापुरी साज ठेवून प्रिंट काढायची आयडिया चांगली आहे पण तो सपाट बसत नाही, जावमणी आणि पानड्या वेगवेगळ्या उंचीवर राहतात, कागदाला टेकलेला मणी धारदार आणि त्याच्या शेजारची उचललेली पानडी धूसर, आणि लोक त्याला 'रंग पसरला' समजून परत पाण्याला दोष देतात. हे पसरणं नाही, सावली आहे. ऊन कडक आणि सरळ डोक्यावरचं असताना काढा, म्हणजे कडा जास्तीत जास्त बारीक येतात, ढगाळ उजेडात असल्या वस्तू काढूच नका. आणि मध्ये पातळ पारदर्शक प्लॅस्टिक शीट ठेवा, नाहीतर घामेजल्या कागदावरचं केमिकल धातूला लागून डाग पडतो, खरा साज असेल तर आईचं जे ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

कापडावर करणाऱ्यांचं पाणी अजून वेगळ्या ठिकाणी मुरतं. गांधीनगरहून कॉटन आणलं, खळ काढायला धुण्याच्या सोड्यात उकळलं, वाळवलं, केमिकल लावलं, आणि प्रिंट मातकट. सोडा कापडातच बसलाय. उकळल्यावर दोन-तीन साध्या पाण्यातून काढा आणि शेवटचं पाणी लिंबूसत्वाचं. तयार झालेला टीशर्ट नाहीतर ओढणी वॉशिंग पावडरनं एकदा धुतली तरी रंग उतरतो, ब्लीच तर नकोच नको, लोकरीच्या कपड्यांचं न्यूट्रल लिक्विड आणि गार पाणी, एवढंच.

धुताना चांगला होता आणि भिंतीवर महिनाभरात फिका पडला, हा प्रकार वेगळा. उन्हासमोर टांगलेला प्रशियन ब्लू फिका होतो, पण काढून आठ-दहा दिवस कपाटात अंधारात, हवा लागेल असा ठेवा, बराचसा परत गडद होतो. कडेनं किंवा मागून पिवळे चट्टे येत असतील तर मात्र तो उजेडाचा दोष नाही, ती भिंतीची ओल. चुन्याची नाहीतर नव्या प्लास्टरची भिंत पावसाळ्यात ओली होते आणि फ्रेमच्या पुठ्ठ्यातून ती अल्कली आत येते. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे लावून ती भिंतीपासून बोटभर लांब ठेवा, आणि मागचा पुठ्ठा पण तोच लिंबूसत्वाचा थेंब टाकून तपासूनच घ्या.